मिनिटराव आणि दुसरा मजला

बस डेपोत त्यांना सगळे मिनिटराव म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर ते आतून सुखावायचेच. पस्तीस वर्षं बस चालवली, पण त्यांची गाडी कधी मिनिटभर आधी सुटली नाही की मिनिटभर उशिरा. थांब्यावर उभा असेल तो प्रवासी. लांबून हात करत धावत येत असेल तो पुढच्या गाडीचा प्रवासी. त्यात दयामाया नाही, वशिला नाही. एकदा त्यांच्या साहेबांनाच त्यांनी आरशात धावताना पाहिलं आणि गिअर टाकला.

नव्या ड्रायव्हरांना ते दोनच गोष्टी शिकवायचे. एक, घड्याळाशी लबाडी करायची नाही. दोन, गाडीत माणसं बसलेली असताना आपली जागा सोडायची नाही. मागे भांडण होऊ दे, कुणाला चक्कर येऊ दे, त्यासाठी कंडक्टर आहे. माणसं कंडक्टरची, रस्ता ड्रायव्हरचा. ही वाटणी त्यांना मनापासून पसंत होती, कारण माणसांशी काय बोलायचं हे त्यांना कधीच नीटसं उमगलं नव्हतं. हजारो लोक त्यांच्या पाठीमागे बसून गेले, पण ओळखीचं म्हणावं असं त्यातलं एकही नाही. आरशात चेहरे दिसायचे आणि उतरून जायचे.

निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा डेपोने निवृत्त होणाऱ्यांसाठी एक कार्यक्रम ठेवला. ऑफिसातून एक तरतरीत मुलगी आली, गोड बोलली आणि सगळ्यांना एकेक कागद भरायला दिला. त्यात ‘छंद’ असा एक रकाना होता. मिनिटरावांनी पेन उघडलं, विचार केला आणि लिहिलं, ‘ड्रायव्हिंग’. मग ते त्यांनाच कसंसं वाटलं, म्हणून खोडलं. दुसरं काही सुचेना. शेवटी तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आणला.

घर म्हणजे दोन खोल्या. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी सातासमुद्रापार, तिची सकाळ म्हणजे यांची संध्याकाळ. दर रविवारी तिचा फोन यायचा. बाबा, आता काहीतरी मन रमवा, असं ती म्हणायची. मन रमवा म्हणून सांगणारी माणसं नेहमी लांबच राहतात, हा काय योगायोग आहे कुणास ठाऊक. मिनिटराव हो म्हणायचे. फोन ठेवला की घर खायला उठायचं. मग ते रेडिओ लावायचे आणि काय चाललंय ते न ऐकता बसायचे.

पण माणूस चिकाटीचा. काहीतरी शोधलं पाहिजे म्हटल्यावर त्यांनी ते ड्युटीसारखं हाती घेतलं. आधी सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या गटात गेले. गट रमतगमत, गप्पा मारत चालायचा, हे नाकासमोर बघत. पंचवीस मिनिटांत बागेच्या टोकाला पोचायचे आणि मागे वळून पाहिलं की चिटपाखरू नसायचं. मग चित्रकलेच्या वर्गाला गेले. तिथे त्यांनी सरळ रस्ता काढला, दोन्ही बाजूंना पट्टीने आखलेला. शिकवणाऱ्या बाई ‘छान’ म्हणाल्या, आणि त्या ज्या सुरात म्हणाल्या तो ऐकून हे परत काही गेले नाहीत. मग वाचनालयात फुकट काम करायला गेले. दोन दिवसांत त्यांनी कपाटं अशी लावून दिली की बघत राहावं. सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे. ग्रंथपालाने कपाळाला हात लावला आणि अतिशय नम्रपणे त्यांचे आभार मानले.

अशा तऱ्हेने सगळीकडून हात हलवत परत आल्यावर एक दिवस दवाखान्याच्या फळ्यावर त्यांना कागद दिसला. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. त्यातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना घरून नेण्या-आणण्यासाठी एक संस्था गाडी चालवत होती. चालक हवेत, मोबदला नाही, असं लिहिलं होतं. मिनिटरावांनी तो कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे भरून आले, आणि असं काही आपल्याला होतं याचंच त्यांना नवल वाटलं.

संस्था म्हणजे केंद्राच्या वरच्या मजल्यावरची एक लहानशी खोली आणि त्यात एक मध्यमवयीन ताई. कुणाला कुठून कधी घ्यायचं याच्या याद्या त्याच करायच्या, म्हणून सगळे त्यांना यादीताई म्हणत. मिनिटरावांची सुट्टी मंगळवारी असायची, तेव्हा सध्या फक्त मंगळवार घ्यायचा असं ठरलं. तोवर गुरुवार-शनिवारी भाड्याची गाडी बघू, निवृत्त झालात की मंगळवार, गुरुवार, शनिवार तिन्ही तुमचे, असं यादीताई म्हणाल्या. या मार्गावर आधी एक निवृत्त पोस्टमन होता, तो आता मुलाकडे राहायला गेला होता. यादीताईंनी पत्ते दिले, वेळा दिल्या, गाडीची किल्ली दिली. बाकी काय सांगायचं असतं ड्रायव्हरला, आणि तेही पस्तीस वर्षं मुरलेल्या?

पावणेसातला शिंपीकाका, सातला आठ मिनिटं कमी असताना बेकरीवाला, आणि सातला दुसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई. साडेसातला केंद्र. सात चाळीसच्या पुढे गेलं की मशीन दुसऱ्याला देऊन टाकत, तिथे कुणाची गय नव्हती. हे ऐकून मिनिटरावांना हायसं वाटलं. ही भाषा त्यांना समजत होती.

पहिल्याच मंगळवारी त्यांना एक गोष्ट नवीन वाटली. या गाडीत माणसं त्यांच्याशी बोलत होती. शिंपीकाकांनी त्यांच्या शर्टाची कॉलर कुठे चुकली आहे ते सांगितलं. बेकरीवाल्याने भट्टी मुलाच्या हाती दिल्यापासून पाव कसा बिघडला याचं गाऱ्हाणं गायलं. आणि बाई तर काय, चाळीस वर्षं वर्ग गप्प करून बोललेल्या. बांधा सडसडीत, आवाज खणखणीत, एका हाताच्या शिरा मशीनच्या सुयांनी फुगलेल्या. त्यांनी सांगितलं, तुम्ही ज्या रस्त्यावरून गाडी हाकताय ना, तो रस्ता म्हणजे ओढा होता. बुजवला आहे. म्हणून तर तो असा वळणं घेत जातो. मिनिटराव त्या रस्त्यावरून पस्तीस वर्षं जात होते. वळणं त्यांना पाठ होती, पण ती तिथे का आहेत हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी एकट्याने बसून त्या ओढ्याचा विचार केला.

मग मंगळवारची वाट बघणं सुरू झालं. सोमवारी संध्याकाळी शर्टाला इस्त्री व्हायची. बाईंना विचारायचे प्रश्न ते मनात जमवून ठेवायचे, आणि गाडीत बसलं की त्यातला एकच कसाबसा विचारायचे. डेपोतला एकेक दिवस सरत होता, पण उरलेले दिवस मोजणं त्यांनी आता सोडून दिलं होतं. सगळं सुटणार होतं, पण हे राहणार होतं. एवढं एक हातात होतं, आणि ते त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

फक्त एक गोष्ट खटकत होती. बाई उशिरा यायच्या.

मिनिटराव ठोक्याला सात वाजता फाटकाशी गाडी लावायचे आणि एकदा हॉर्न द्यायचे. शिंपीकाका आणि बेकरीवाला आपापल्या घराखाली आधीच उभे असायचे, बाई नाही. दुसऱ्या मजल्यावरचा पडदा हलायचा, म्हणजे हॉर्न ऐकू गेलेला असायचा. तरी बाई तीन मिनिटांनी उतरायच्या. पुढच्या मंगळवारी चार. मग पाच. एकदा सहा झाली तेव्हा मिनिटरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंपीकाका म्हणाले, वर जाऊन या की एकदा, म्हातारं माणूस आहे. मिनिटरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी पुढचं गिळून टाकलं. गाडीत दोन आजारी माणसं बसलेली, इंजिन चालू, आणि ड्रायव्हर गाडी वाऱ्यावर सोडून जिने चढायला जाणार?

बाई आल्या तेव्हा ते शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, “बाई, गाडी सातला सुटते. दोन मिनिटं मी थांबेन. त्यापुढे मला थांबता यायचं नाही, या दोघांची मशीनं जातील.”

बाईंनी त्यांच्याकडे आरशातून जरा वेळ बघितलं. मग “बरं,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही.

निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते तो मंगळवार. सात वाजले, हॉर्न दिला, पडदा हलला. सात वाजून एक मिनिट. सात वाजून दोन. बेकरीवाला म्हणाला, येतीलच, थांबा जरा. मिनिटरावांनी जिन्याच्या दाराकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. त्यांनी गिअर टाकला.

केंद्रावर दोघांना उतरवून त्यांनी फेरीचा कागद भरला. बाईंच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात ‘गैरहजर’ लिहिलं, कागद यादीताईंच्या बंद खोलीच्या दाराखालून आत सरकवला आणि खाली वाट बघत बसले. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्याहून जास्त असं वाटलं, की पुढच्या मंगळवारी बाई वेळेवर येतील आणि सगळं रुळावर येईल. खरं सांगतो, या गृहस्थांना त्या दिवशी आपण काहीतरी बरोबर केलं असंच वाटत होतं.

आता शनिवार ते मंगळवार मध्ये दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं असतं, म्हणून या रोग्यांनी एक वेळ दुसरा कुठला वार चुकवावा, पण मंगळवार चुकवू नये. हे केंद्रावरच्या सगळ्यांना माहीत होतं. मिनिटरावांना नव्हतं. बुधवारी दुपारी बाईंना श्वास लागायला लागला. शेजारणीने भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज ऐकला, दार ढकललं आणि रुग्णवाहिका बोलावली. तीन दिवस बाई अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या.

यादीताई दोन दिवस बाहेरगावी होत्या, त्यांनी तो कागद गुरुवारी वाचला. मिनिटरावांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं, आवाज न चढवता. चार शिव्या घातल्या असत्या तर मिनिटरावांना सोपं गेलं असतं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग त्यांनी तोंडातल्या तोंडात विचारलं, की जिन्यापर्यंत जायला हवं होतं का.

“वर जाऊन बेल वाजवायची असते,” यादीताई म्हणाल्या. “पोस्टमन तेच करायचा. गाडी बंद करायचा, किल्ली खिशात घालायचा आणि वर जायचा. तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगायची गोष्ट आहे असं माझ्या मनातच आलं नाही.”

मग त्या म्हणाल्या, सध्या काही दिवस राहू द्या. लागलं तर मी फोन करीन. मिनिटरावांनी किल्ली टेबलावर ठेवली. ‘काही दिवस’ म्हणजे किती, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

निवृत्तीच्या दिवशी डेपोत भाषणं झाली. एक भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, त्यावर सगळे पोटभर हसले. साहेबांनी आपण गाडीमागे धावलो होतो ती गोष्ट रंगवून सांगितली, त्यावर टाळ्या पडल्या. मिनिटरावही हसले. त्यांना वाटलं, ही गोष्ट आपण आतापर्यंत शंभरदा ऐकली असेल, पण मागे राहिलेला माणूस त्या दिवशी कसा घरी गेला, हे आपण एकदाही विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते काय सांगायचं. पहाटे चारला जाग यायची, अंगात मुरलेलं होतं ते. साडेचारला दाढी झालेली, पाचला चहा, साडेपाचला कपडे करून तयार. आणि मग काय? खुर्चीत बसायचं. फोन समोरच्या टेबलावर, आवाज पूर्ण वाढवलेला. यादीताईंचा फोन आला नाही. एकदा वाजला म्हणून हातातला कप सांडून धावले, तर कुणीतरी चुकून लावलेला. त्या माणसाने माफी मागितली. मिनिटराव त्याला म्हणाले, असू दे, असू दे, आणि तो आणखी काही बोलतोय का याची वाट बघत राहिले. दुपारी ते बाहेर पडून बसस्टॉपवर बसायचे. बस यायची, दार उघडायचं, नवा ड्रायव्हर ओळखीचं हसायचा. हे मानेने ‘नाही’ म्हणायचे आणि बस निघून जायची.

रविवारी मुलीने विचारलं, काय मग बाबा, ते गाडीचं काम कसं चाललंय? उत्तम, असं ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण ते सहज जमलं.

असे तीन आठवडे गेल्यावर एका मंगळवारी त्यांना राहवलं नाही. ते सकाळी चालत बाईंच्या रस्त्यावर गेले आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. नुसतं बघायचं, बाकी काही नाही. साडेसहा वाजले होते. हवेत चांगलाच गारठा होता. बघतात तर फाटकाशी बाई उभ्या. अंगावर शाल, खांद्याला पिशवी, एक हात कठड्यावर. गाडीला अर्धा तास अवकाश होता. मिनिटरावांच्या मनात जे पहिलं आलं ते मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्यांना वाटलं, चला, शिस्त लागली. मग बाईंनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, परत टोकाकडे पाहिलं. त्या घाबरलेल्या होत्या. चाळीस वर्षं वर्ग गप्प करणारी बाई रस्त्यात उभी राहून एका गाडीची भीती घेऊन वाट बघत होती. मिनिटराव दुकानाच्या भिंतीला टेकले. गाडी आली, नव्या ड्रायव्हरने काच खाली केली, बाई स्वतःच दार उघडून बसल्या.

दुसऱ्या दिवशी ते दोन जिने चढले. पहिल्यांदाच. आजारातून उठल्यापासून शेजारणीने दटावल्यामुळे बाई दिवसा दार उघडंच ठेवत असत. मिनिटराव दारात उभे राहून खाकरले. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जुने नकाशे, त्यातल्या काही देशांची नावं आता कुणी घेत नाही असे. बाईंनी चष्मा वर केला आणि या म्हणाल्या. बसा मात्र म्हणाल्या नाहीत.

मिनिटरावांनी पाठ करून आणलेली माफी मागितली. चूक माझी, नियम म्हणून मी, मला ठाऊक नव्हतं, असं सगळं अडखळत सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, मला जिना उतरायला सहा मिनिटं लागतात? मिनिटराव म्हणाले, वय झालंय, आजार आहे, लागणारच.

“मी साडेपाचला तयार असते,” बाई म्हणाल्या. “पिशवी भरून, बूट घालून, इथे या खुर्चीत. पोस्टमन वर यायचा, बेल वाजवायचा. मी आतून विचारायची, कोण आहे? आठवड्यातून तीनदा या घराची बेल वाजायची, ती तेवढीच. शेजारीण काय, ती भिंतीवरून हाक मारते. मग तुम्ही आलात आणि खालून भोंगा वाजवायला लागलात. मला वाटलं, जरा थांबू. कधीतरी येतील वर.”

मिनिटराव म्हणाले, “मला सांगायचंत तरी, बाई.”

“हे कसं सांगतात?” बाई म्हणाल्या.

सांगता येत असतं तर मिनिटरावांनी स्वतःच कुणाला तरी सांगितलं नसतं का, इतक्या वर्षांत? मग ते म्हणाले, की मी आता गाडीवर नाही, पण रोज वर येऊ शकतो. हातात वेळच वेळ आहे. बाईंनी चष्मा खाली घेतला आणि समोरचं मासिक उघडलं. नको, असं त्या म्हणाल्या. आता मी खालीच उभी राहते, परत चुकायला नको. तुम्ही माफी मागायला आलात, मागून झाली. मला कुणी कीव करून भेटायला आलेलं आवडत नाही. मिनिटराव नमस्कार करून निघाले. खाली उतरताना त्यांनी पायऱ्या मोजल्या. अडतीस भरल्या.

गुरुवारी त्यांचं धाडस झालं नाही. शनिवारी ते फाटकापर्यंत गेले आणि माघारी फिरले. त्या दोन रात्री त्यांनी जी काय उलटसुलट उत्तरं जुळवली त्यातलं एकही धड नव्हतं. कीव नाही म्हणावं, तर मग काय आहे? मदत म्हणावं, तर ती बाईंना नको. शेवटी सोमवारी भांडी घासताना त्यांना उमगलं, की सांगण्यासारखं आपल्याकडे एकच आहे, आणि ते इतकं लाजिरवाणं आहे की आजवर मुलीलाही सांगितलं नाही. आपल्याला कुठे जायला जागा नाही.

मंगळवारी सहा वाजून दहा मिनिटांनी ते अडतीस पायऱ्या चढून वर पोचले, धापा टाकत. दार बंद होतं. दाराच्या बाजूला बेलचं पांढरं बटण होतं. त्यांनी ते दाबलं, आणि ताबडतोब दार उघडलं. बाई दारातच होत्या, शाल पांघरून, पिशवी खांद्याला, खाली निघालेल्या.

“गाडी आली?” त्यांनी घाबरून विचारलं.

“नाही. गाडीला अजून पन्नास मिनिटं आहेत.”

“मग तुम्ही कशाला आलात? मी सांगितलं होतं ना तुम्हाला.”

“सांगितलं होतंत,” मिनिटराव म्हणाले. “पण मी पण साडेपाचला तयार असतो, बाई. रोज. कपडे करून, बूट घालून खुर्चीत बसलेला असतो. मला तर कुठे जायचंही नसतं.”

बाईंनी मिनिटरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, गुळगुळीत दाढी. जिन्यावर कुणाच्या तरी नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. मिनिटरावांना वाटलं, संपलं. ते वळायला लागले.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “ही काय पद्धत झाली? मी दाराशी असताना बेल वाजवलीत. नीट वाजवा.”

आणि त्यांनी दार लावून घेतलं, वर्गात धडपडत शिरलेल्या पोराला परत बाहेर काढावं तसं. मिनिटराव बंद दारासमोर उभे राहिले. आत पावलं दूर गेली. पिशवी ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा.

त्यांनी बेल वाजवली. आतून कुणी लगेच उठलं नाही. बाईंनी चांगला वेळ घेतला.

“कोण आहे?” आतून खणखणीत आवाज आला.

आठ वर्षं मिनिटराव आपल्या घराचं कुलूप आपल्या किल्लीने उघडत होते, आणि हे विचारणारं पलीकडे कुणी नव्हतं.

“मी,” ते म्हणाले. “मी आहे, बाई.”